दहावं सेशन

गंगापूर रोडवरच्या दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंदेच्या मांडीवर वही होती.

"वहिनी, लाइफ कोचच्या कोर्सला दहा जणांचं सेशन घ्यावं लागतं. नऊ झालीत. दहावी तू हो ना. सर्टिफिकेट मिळालं की माझं मला बघता येईल."

"मला कशाला कोचिंग, ताई? मला कुठे काही बनायचंय."

"तू फक्त बोलायचं. मी सल्ला द्यायचा नाही आणि वाईटही वाटून घ्यायचं नाही. तसं शिकवलंय आम्हाला."

"विचारा मग."

"येत्या सहा महिन्यांत तुला आयुष्यात कोणता एक बदल हवाय?"

"काही नाही. बरं चाललंय."

"असं नाही चालत गं. खरं सांग. हवं तर डोळे मिट."

"सकाळी उठल्यावर हॉल मोकळा दिसावा."

"म्हणजे?"

"तिथे गादी नसावी. मी, हे आणि पोरं, आम्ही चौघांनीच बसून चहा घ्यावा. पहिल्यासारखा."

"कधीपासून वाटतंय असं?"

"तुम्ही सासर सोडून आलात, त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. ताई, तुम्हीच डोळे मिटायला लावलेत."

"हो. लिहिते मी."

"नका ना लिहू. राहू द्या आता."

"एकच प्रश्न राहिलाय. तो विचारावाच लागतो."

"कोणता?"

"यात मी तुला काय मदत करू?"