रिबिनीवरचं नाव

टेक्सासमधल्या त्या रिबिनींच्या दुकानात शाळेच्या नाचामुळे मोठी रांग होती; तिथे नाचाला मुलगा आपल्या जोडीदारणीला तिच्या नावाचा रिबिनींचा गुच्छ देतो आणि तो बहुधा त्याची आईच बांधते. वांडाच्या पुढे दोन मुली उभ्या होत्या.

"मेसेज टाक आणि मोकळी हो, डेलिया."

"नाही. तुझ्या रिबिनी घेतल्या की सरळ ग्रेडीच्या घरी जाऊन तोंडावर सांगणार."

"आणि दार त्याच्या आईने उघडलं तर?"

"तिलाही सांगणार. माझ्यासाठी एवढा मोठा गुच्छ बांधतेय ती. रिबिनीवर माझं नाव चिकटवायच्या आत तिला कळायला नको?"

"मनात नव्हतं तर हो कशाला म्हणालीस?"

"जेवणाच्या सुट्टीत 'माझ्याबरोबर नाचाला येशील?' असा फलक धरून उभा राहिला गं! अख्खी शाळा टाळ्या पिटत होती. तिथे नाही म्हणून त्याचं हसं करू?"

"मग आता नाचाला कुणाबरोबर जाणार?"

"कुणाबरोबरच नाही. त्याला नाही म्हणायचं आणि त्याच्याच डोळ्यांसमोर दुसऱ्याबरोबर नाचायचं? मला नाही जमणार."

वांडाने टोपलीतली डेलियाच्या नावाची चमचमती अक्षरं मांडणीवर परत ठेवली आणि मुलींची नजर जायच्या आत ती घाईघाईने घरी निघाली. दार तिलाच उघडायचं होतं.