चहा घेता घेता

तामसीहून आदिलाबादला निघालेल्या बसमध्ये बयनाबाईच्या पुढच्या सीटवर मावशी-भाची बसल्या होत्या. कापूस नाही, लग्न नाही, बोलणं भलतंच चाललेलं. बयनाबाईने कान टवकारले.

“घरी बसून कम्प्युटरवर नोकरीसाठी मानसं पारखाची, मंग लबाड कसा वळखू येते वं, रश्मी?”

“काल एक होता, मावशी. तोंड हालून राह्यलं, इंग्रजी झरझर. मी म्हनलं, चहा घेता घेता बोला.”

“चहा इचारल्याबिगर तुले राहावत नाही.”

“त्यानं कप तोंडाले लावला, अन् उत्तर सुरूच!”

“अवं माय! मंग बोलत कोन होतं?”

“कॅमेऱ्यामांगं लपलेला त्याचा दोस्त.”

“मंग काय केलं?”

“तोंडवाल्याले नापास केलं. पन आवाजवाला हुशार होता, मावशी. एकबी उत्तर चुकलं नाही.”

बयनाबाईचा मुलगा राजकुमार शिकलेला. प्रत्येक मित्राच्या कम्प्युटरवरच्या मुलाखतीला तो सोबत बसायचा. मित्र एकेक करून नोकरीला लागले, हा मात्र घरीच.

तिने पुढे वाकून रश्मीच्या खांद्याला हात लावला.

“बाई, थ्या आवाजवाल्याले नाही का घेता येनार?”