उन्हाळ्यात दोन गोधड्या

नेवाशाच्या एसटीत ग्लोरियाबाईंचा डोळा लागणार, तेवढ्यात मागच्या सीटवर सासू-सुनेची जुंपली.

"आत्याबाई, ह्यांना फोन लावा. उसाचं पाचट पेटवू नका म्हनावं."

"का गं? ऊस तुटला की पाचट पेटवायचं, ही रीतच हाय आपली."

"त्यातनं निघालेला वायू वर हवेत साठतो."

"साठंना का! आभाळाला काय जागा कमी हाय?"

"आभाळ दिसतं मोठं, पर हवेचा थर लई पातळ. पृथ्वीनं गोधडी पांघरलीय समजा. ती नसती, तर सगळे गारठून मेलो असतो."

"मग बरंच हाय की!"

"पर ह्या वायूनं ती जाड व्हत चाललीय. तुमी वैशाखात दोन गोधड्या घेता का?"

"मी काय येडी हाय व्हय?"

"मग पृथ्वीवर कशापायी टाकता?"

भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या ग्लोरियाबाईंची जीभ वळवळली, पण त्यांनी ती आवरली. एवढ्यात मागं म्हातारी मोबाईल कानाला लावून खणखणीत आवाजात लेकाशी बोलू लागली.

"रविकांत, काडीपेटी ठेव खाली! पाचट सरीत आंथर. का म्हंजे? उन्हाळ्यात दोन गोधड्या घेतं का कुनी? कवापास्नं वरडतेय मी, पर ह्या घरात माझं ऐकतंय कोन!"