आनेकलच्या तिठ्यावरचा बाण

हॅलो?… हां आर्या, एक सेकंद, दार लावतो… हं, बोल आता.

ऑफिसातच आहे गं. सोमवारी दुपारी सव्वाचारला इलेक्ट्रॉनिक सिटीत माणूस दुसरीकडे कुठे असणार? मीटिंगची खोली अडवलीय, पाचपर्यंत. बाहेर 'क्लायंटशी चर्चा' असं लिहिलंय. तू क्लायंट.

तो घर्रघर्र आवाज कसला?… खोलीतल्या खोलीत त्या रोलरवर सायकल चालवतेयस? काल शर्यत संपली ना तुझी? आज तरी उतर त्या सायकलवरून… बरं, बरं, चालव.

आधी मनापासून अभिनंदन!… कालच केलं होतं?… अकरा वेळा? मोजलंस तू?… मग हे बारावं धर. डझन झालं.

अति कुठे करतोय? तीन दिवस, तीन टप्पे, तिन्ही दिवसांच्या वेळेची बेरीज केली की माझी आतेबहीण पहिली. वय वर्षं अठरा. यात मी काय वाढवलंय?… हो, काल 'आशिया खंडात' म्हणालो होतो. ते मागे घेतो.

काय?… 'एवढं काही ग्रेट नव्हतं'? कोण म्हणालं असं?

आजोबा?… अगं नरसिंहरावांचं काय घेऊन बसलीस! हो, हो, मान्य, ते चाळीस वर्षं येलहंक्याहून कचेरीत सायकलने गेले. पुढे डबा, मागे आजी. आणि त्यांना कुणी विजेत्याची जर्सी दिली नाही. पण त्यांच्या मागे कुणी लागलं नव्हतं ना?… लागलं होतं?… कुत्रं? चाळीस वर्षं एकच कुत्रं?… बरं, मग त्यांनाही अभिनंदन सांग माझ्याकडून. आणि कुत्र्यालाही.

आजोबा एकटेच नाही म्हणत?… मग आणखी कोण?

तू?… तू स्वतः? अगं जिंकणारीच असं म्हणायला लागली तर आम्ही नातेवाइकांनी कुठे जायचं?

ऐक. ऐक ना. मी मुद्देसूद सांगतो. शुक्रवारी नंदीचा चढ. बावीस मुलींत तू दुसरी. शनिवारी एकेकटीने घड्याळाविरुद्ध, तिथे तू पहिली. म्हणजे शनिवारी संध्याकाळी एकूण वेळेत तू दुसऱ्या नंबरवरच्या सुप्रीताच्या बारा सेकंद पुढे. ही गंमत आहे का? आणि रविवारी…

रविवारचं काय त्यात. रविवारही छानच. हवा सुंदर होती.

नाही, टाळत नाहीये… एक मिनिट हं… हां प्रणीत, दो मिनट यार. क्लायंट है… हां, बहुत नाराज है… गेला. बोल.

हो. सुप्रीता पुढे होती. हो, स्मिता आणि ती तिसरी पण होती तिच्याबरोबर. तिठ्यावर आल्या तेव्हा तुझ्या पन्नास सेकंद पुढे होत्या. आणि उजवीकडे आनेकलच्या रस्त्याला लागायचं, तर डावीकडे गेल्या. चुकतात लोक. रस्ता माहीत असणं ही रायडरची जबाबदारी. नियमावलीत आहे, पान सात, खालून तिसरी ओळ… पाठ नाही केलं. सहज लक्षात राहिलं.

हो, तो तिठा माझाच होता… 'माझा' म्हणजे तिथे रस्ता दाखवणारा मार्शल मी होतो. शर्यत भरवणाऱ्या त्रिविक्रम सरांना स्वयंसेवक कमी पडत होते. माझी पात्रता काय, तर माझ्याकडे शिट्टी होती.

ऐकलं मी ते. डावीकडचा रस्ता सरळ एका कल्याणमंडपात जातो. लग्न चाललं होतं. तिघींवर गुलाबपाणी शिंपडलं म्हणे, वधूपक्षाला वाटलं वराकडच्या, वरपक्षाला वाटलं वधूकडच्या. तीन मिनिटं वीस सेकंद गेली त्यात. स्मिता तर हँडलला नारळाची पिशवी अडकवूनच फिनिशला आली… फोटोत दिसतेय? मी नाही बा झूम करून पाहिला.

चार वेळा पाहिला.

अगं पण त्याने तुझा विजय लहान कसा होतो? बघ, तू पकडलंच असतंस त्यांना. अकरा किलोमीटर बाकी होते. पन्नास सेकंदांची दरी तुला बाराच्या आत आणायची होती. म्हणजे अडतीस सेकंद… सोपं नव्हतं, मान्य. वारा समोरून होता, मान्य. तू एकटी, त्या तिघी, आलटूनपालटून पुढे, मान्य. तू कुणाच्या बाजूने आहेस आर्या?

सुप्रीताचं काय?… रडली?… नाही रडली? मग काय केलं तिने?

तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. शेवटपर्यंत.

हे नको सांगूस गं मला. जेवण झालंय माझं.

हो, माहितीय, सरावाच्या शिबिरात एकच जागा आहे. पहिली येईल ती जाणार. सहा आठवडे. आणि सुप्रीताचं हे वयोगटातलं शेवटचं वर्ष… माहितीय म्हटलं ना. पाच वाजता निकाल पक्का होतो तेही माहितीय. फोनवर अलार्म लावलाय मी… असाच. हौस.

घरी काय चाललंय, ते सांग. आत्या काय करतेय?… पुरणाचे ओबट्टू? किती?… तिन्ही विंगना? आर्या, वीणाआत्याला थांबव. म्हणजे, लोकांना साखरेचा त्रास असतो ना आजकाल.

बॅनर? गेटवर?… तुझा फोटो केवढा आहे?… आणि सोसायटीच्या कमिटीचे अकराही जण?… म्हणजे तू साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढी. काय लिहिलंय?… 'विश्वविजेती'?

हे मी नाही सांगितलं हां. मी आशियापर्यंतच होतो.

हॅलो?… हॅलो, आहेस का?… हळू का बोलतेयस? आत्या आहे तिथे?… सांग ना.

काय पाहिलंस?

तिघींना? डावीकडे वळताना?… निलगिरीच्या झाडांतून. तिन्ही हेल्मेट… आणि तुला ठाऊक होतं, रस्ता उजवीकडे आहे… हो, मीच दाखवला होता, त्याच्या आदल्या रविवारी… आणि तू ओरडली नाहीस.

अगं दम लागला असेल तुला. चढ होता… उतार होता? बरं. मग तोंडात पाणी असेल… गिळलं होतंस? आर्या, मी तुला वाचवायचा प्रयत्न करतोय, जरा साथ दे.

नाही. नाही, मुळीच नाही. जर्सी परत करायची नाही. सरांना फोन करायचा नाही. 'मी बघितलं आणि गप्प बसले' असं काही कुणाला सांगायचं नाही. हिशेब कर. ताशी चाळीसने पन्नास सेकंद, म्हणजे साडेपाचशे मीटर. साडेपाचशे मीटरवरून तुझी हाक कुणाला ऐकू गेली असती? आत्याची गेली असती. तुझी नाही. त्यामुळे चूक तुझी नाहीच. एक टक्काही नाही.

मग कुणाची, म्हणजे?

म्हणजे… असं कुणाची असायलाच हवी का? घडतात गोष्टी…

अण्णा नको ना म्हणूस आत्ता. अण्णा म्हणालीस की सगळं बोलून टाकावंसं वाटतं.

रोलरवरच आहेस ना अजून? चालवत राहा. थांबू नकोस, मला तो आवाज बरा वाटतोय.

महानंदाक्का आठवतेय?… कणीसवाली. तिठ्यावरची… हो, तू दोन खाल्ली होतीस. कालही होती ती तिथे. आता पहाटे सहापासून मी उभा. नाश्ता म्हणजे स्वयंसेवकांच्या पाकिटातलं एक केळं. आणि तिचा तो वारा घालायचा पुठ्ठा असतो ना, त्यानेच पेट घेतला. कोळसा विझत आलेला, माझं कणीस वर, अर्धवट. ती म्हणाली, 'स्वल्प वारा घाल अण्णा'. एवढ्या मायेने अण्णा म्हटल्यावर… आणि हाताशी काहीच नव्हतं गं.

म्हणजे एक होतं. खांबाला बांधलेलं.

हो. बाणाची पाटी.

थांबलीस का?… आवाज थांबला म्हणून विचारलं… नाही, ऐक, सगळं ऐकून घे. बैठकीत सरांनी बजावलं होतं, काही झालं तरी पाटी हलवायची नाही. मी ती सेकंदाला दोनदा हलवत होतो. हलकी होती, फोमची. तिसऱ्या झोतात कोळसा फुलला. मी खूश. आणि त्या आल्या. मी दचकलो, हात थांबला. आणि थांबला तेव्हा बाण डावीकडे होता. अर्ध्या सेकंदापूर्वी उजवीकडे होता, शपथ.

वाजवली ना शिट्टी! जीव तोडून वाजवली. त्यांना वाटलं मी हुरूप देतोय. सुप्रीताने हात केला मला. 'थँक्स अण्णा' म्हणाली. आणि गेली लग्नाला.

मग मी पाटी बांधली परत. नीट. तू आलीस तेव्हा बाण अगदी उजवीकडे होता.

आणि संध्याकाळी मार्शलचा फॉर्म भरला. त्यात प्रश्न असतो, 'तुमच्या वळणावर काही घडलं का?' मी लिहिलं, 'वातावरण आल्हाददायक होतं.'

म्हणून त्यांनी रायडरची चूक धरली. पान सात.

शिव्या दे… नको, नुसतं 'सरी, बरं' म्हणू नकोस…

काय?… तुला माहीत होतं?

पाटी काळी होती? कोळशाने?… आणि बाणाच्या टोकाला कणसाचे केस. खरंच?… ताशी चाळीसने जाताना तुला कणसाचे केस दिसतात?

केस नाही दिसले, ते आत्ता ऐकून जोडलेस. माझा चेहरा दिसला.

हं.

म्हणजे मघापासून हे 'ग्रेट नव्हतं, ग्रेट नव्हतं'… मी बोलावं म्हणून? आणि मी आपला हवामान सांगतोय… बारा अभिनंदनं. त्यावरूनच पक्कं कळलं? हो, बरोबर आहे. शुक्रवारी नंदीवर दुसरी आलीस तेव्हा मी नुसता अंगठा पाठवला होता.

सॉरी, आर्या. सुप्रीताला तर म्हणेनच. पण तुलाही… हो ना. तेच. पकडलं असतंस की नसतंस, ते आता कुणालाच कळणार नाही. ना जिंकल्याचं समाधान, ना हरल्याचं. मध्येच कुठेतरी कल्याणमंडपात अडकलं ते.

एक विचारू? पुढे कुणीच नाही हे तुला कळलं होतं. मग शेवटचे अकरा किलोमीटर एवढ्या जिवावर उदार होऊन का मारलेस? फिनिशला तुला धरून उतरवावं लागलं… काय?… परत सांग.

'पन्नास सेकंद अजून पुढेच आहेत असं धरून'.

आर्या, हे ग्रेट होतं. हे तेरावं, आणि हे खरं. आजोबांना सांग, ह्याच्यापुढे कुत्रं काहीच नाही.

लॅपटॉप उघडतोय. चार बेचाळीस. फॉर्ममध्ये दुरुस्ती करता येते पाचपर्यंत… सर काय करतील? बहुतेक तिठ्यावरची वेळ धरतील. म्हणजे सुप्रीता अडतीस सेकंदांनी पहिली. शिबिराला ती… तुला कळतंय ना काय होणार ते?… जर्सी धुतलीस? आधीच? घडी करून ठेवलीय?… मग मला एवढा वेळ बोलू कशाला दिलंस गं!

हो, लिहितोय. प्रश्न: 'अडथळ्याचा प्रकार निवडा. हवामान, जनावर, वाहन, इतर.' जनावर निवडलं तर चालेल?… नको, बरं. इतर. 'पाटी मी खांबावरून काढली होती. कारण…' 'व्यक्तिगत' लिहू?… कणीसच लिहू?… लिहिलं. 'कणीस भाजण्यासाठी.' वाचायला फार वाईट दिसतंय गं. 'रायडरची चूक नव्हती. सुप्रीता, स्मिता आणि तिसरी…' नाव काय तिचं?… विद्या. 'विद्या, यांची चूक नव्हती.'

तुझं नाव कशाला घालू? तू काही केलं नाहीस… 'तेच तर' काय?… 'मीही पाहिलं होतं, आर्या.' बरं. घातलं. दोघं एकाच फॉर्मवर.

पाठवायच्या बटणावर बोट ठेवलंय… हां प्रणीत! क्या है!… नहीं, क्लायंट मान गई. अब मैं अटक रहा हूँ… 'ऑल द बेस्ट' म्हणून गेला.

दाबलं.

गेलं. हिरवी खूण आली. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

बॅनरचं बघू. तो मी उतरवतो येऊन, शिडी लागेल. ओबट्टूचं राहू दे, तिन्ही विंगना वाटू दे. सुप्रीताकडे पण नेऊ, उद्या, दोघं मिळून. ती दारात उभं करेल की नाही, माहीत नाही… हो, मी पुढे. तू मागे. पन्नास सेकंदांनी ये.

आर्या, दुसऱ्या लाइनवर कॉल येतोय. त्रिविक्रम सर… वाचला वाटतं त्यांनी. घेतो, घ्यायला हवा… हो, घेतोय गं, नाही पळत. ठेवू?

काय?… कणीस?

कच्चंच राहिलं.