धोतर कोण धुतं

घनसावंगीच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"द्वारकाबाई, सापडलं! आमच्या मालकाच्या तापाचं मूळ सापडलं!"

"काय निघालं माय, चतुराबाई?"

"लिव्हरमधी पू! सुईनं वाटीभर काढला, ताप बिलकुल उतरला!"

"पण लिव्हरमधी पू झाला कसा?"

"आतड्यात जुन्या जखमा हायेत, तिथून जंतू वर चढले. डॉक्टरनं इचारलं, संडासातून रक्त जातं का? हे म्हन्ले, न्हाई. मी उठूनच उभी राह्यले. म्हन्लं, जातं! दोन वर्सं झाली, धोतर मीच धुते ना!"

"अगं बाई! मंग दोन वर्सं तुम्ही गप कशा बसल्या?"

"ते लपवून राह्यल्ते, मी धुऊन राह्यल्ते."