चमचाभर वॅक्स

ईस्ट लॉस एंजेलिसच्या मैदानात जुन्या मोटारींच्या स्पर्धेचा निकाल लागायचा होता. ओफेलिया तमाले, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेला मेक्सिकन पदार्थ, घ्यायच्या रांगेत उभी होती. नवरा गेल्यापासून त्याची इम्पाला गाडी तीच पुसत आली होती, तो पुसायचा तशीच, गुणगुणत. मागे दोन तरुण बोलत होते.

"रोहेलियो, एवढं महागडं वॅक्स तू चमच्याचमच्याने विकतोस?"

"मग काय! डबी रिकामी झाली की कंपनी फुकट भरून देते, जन्मभर. आपलं काय जातंय?"

"इथे कुणाला विकलं नाहीस ना?"

"विकलं की! एक बाई आली होती. तिच्या आईला म्हणे नवऱ्याची इम्पाला चमकवायचीय."

"अरे गाढवा, ती इम्पाला स्पर्धेत तुझ्या गाडीच्याच गटात आहे!"

"असू दे रे. नुसतं वॅक्स असून काय होतं? हातात जोर नको? म्हातारीला एक दार पुसतानाच धाप लागली असेल."

कर्णा खरखरला. "पहिलं बक्षीस, चौसष्ट सालची इम्पाला! मालकीण, ओफेलिया बारिएन्तोस!"

"घे! आता बोल."

"पण ही बाई आहे तरी कुठे?"

ओफेलिया वळली. नुकतीच मिळालेली गरम तमालेची बशी तिने रोहेलियोच्या हातात दिली.

"जरा धर हं, बाळा. मंचावर जाऊन येते."