उंबराच्या झाडातली खुर्ची

प्रथम एक गोष्ट लक्षात ठेवा आणि मगच लिहायला घ्या. मी जिथे खुर्ची म्हणेन तिथे खुर्चीच लिहायचं, आसन नाही, गादी नाही, पीठ तर मुळीच नाही. या गावात कोणत्या शब्दाचा उद्या काय अर्थ लावतील, याची शाश्वती मला राहिलेली नाही.

माझा जन्म कडेगाव तालुक्यातला. घरचा ऊस, थोडी द्राक्षबाग. थोरले बंधू शेतीत राहिले आणि मी दिवाणी न्यायालयात कारकून झालो, जन्मभर लोकांच्या बांधांचे आणि वाटांचे दावे हाताळले, आणि त्यातून एवढंच शिकलो की जी हरकत वेळेवर लेखी घेतली नाही ती घेतलीच नव्हती असं धरलं जातं. म्हणून मी पत्रं लिहितो. पोस्टमन म्हणतो, नाना, तुमच्यामुळं आमची नोकरी टिकली. म्हणू दे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहायला आलो, आणि त्याच सुमारास आमच्या मंडळींचे, शालनचे, गुडघे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं की जमिनीवर बसणं कायमचं बंद. आता काय सांगू तुम्हाला, जिने उभा जन्म जमिनीवर बसून भाकरी थापली, शेंगा फोडल्या, तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं तर ती परक्याच्या घरी आल्यासारखी काठावर टेकायची, आणि एकदा ती खुर्ची ढेकळात कलंडली आणि बाई पडली. त्या दिवसापासून मला धास्ती बसली. मला हलणारी वस्तू नको होती. जमिनीत मुळं गेलेली हवी होती.

आमच्या बांधावर उंबराच्या दोन फांद्या एकमेकींवर घासून घासून एकजीव झालेल्या मी लहानपणापासून बघत होतो. दोन पक्षकार वर्षानुवर्षं भांडून शेवटी एका घरात नांदावेत तशा. आणि द्राक्षाची कलमं तर मी सुट्टीच्या दिवशी बंधूंच्या बागेत बांधलेलीच होती. म्हणून मी उंबराची रोपं चौकोनात लावली, मधे बांबूचा साचा उभा केला, आणि शेंडे कोवळे असतानाच वाकवून साच्याला बांधत गेलो. जिथे दोन खोडं एकमेकांना ओलांडतात तिथे साल थोडी खरवडायची, पांढरा चीक येतो, मग घट्ट आवळायचं. दोरी चालत नाही, सालीत रुतते. शालनने आपली जुनी सुती लुगडी फाडून पट्ट्या दिल्या, आणि दर हंगामाला त्या सोडून सैल करून पुन्हा बांधायच्या. मागची खोडं पाठ झाली, बाजूची हात झाली, मधल्या फांद्या विणून बैठक झाली. ती रोज विचारायची, आवं, बसू का आता? मी म्हणायचो, अजून नाही, लवेल. पण मनात एकच हिशेब चालायचा, की झाड आधी तयार होतंय की हिचे पाय आधी संपतायत.

तेवढ्यात माझा मेहुणा दिनकर सैन्यातून हवालदार होऊन परत आला. म्हणाला, दाजी, अक्काला ह्या पत्र्याखाली उकडून मारताय व्हय, मी बांधतो खोली. सीमेवर त्याने आयुष्यभर मातीच्या पोत्यांचे मोर्चे, म्हणजे गोळीबारातले आडोसे, रचलेले. खताची रिकामी पोती घेतली, त्यात मळ्यातलीच ओलसर माती भरली, थरावर थर ठोकून बसवला, थर सरकू नये म्हणून मधे काटेरी तार घातली, आणि वर वर जाताना प्रत्येक वर्तुळ थोडं आत घेत गेला. मी विचारलं, गोल का? म्हणाला, गोलाला तुळई लागत न्हाई, आन गोळा पडला तरी ढासळत न्हाई. मी म्हणालो, इथे गोळा कोण टाकणार आहे? तो म्हणाला, दाजी, तुमी सगळ्यांस्नी नोटिसा धाडताय, सांगता येतंय व्हय? असो. पोत्यांना ऊन खाऊन टाकतं म्हणून बाहेरून मातीचा गिलावा केला, त्यावर चुना मारला, आणि घुमटाच्या टोकाला राहिलेल्या भोकात पाऊस येऊ नये म्हणून त्याने एक मडकं उपडं घातलं.

आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. पांढरा घुमट, वर कळसासारखं मडकं, आणि समोर उंबर, ज्याला आमच्या कृष्णाकाठी औदुंबर म्हणतात आणि ज्याच्याखाली दत्तमहाराजांचा वास मानतात. त्या उंबरात आपोआप उगवल्यासारखी बैठक. मी जन्माने या मातीतला असून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. शेजारच्या जनाक्का गुरुवारी उसाला पाणी पाजून येताना थबकल्या, चप्पल काढली, हात जोडले आणि बैठकीवर जास्वंदीचं फूल ठेवून गेल्या. पुढच्या गुरुवारी नारळ. त्यापुढच्या गुरुवारी आरती.

मी ग्रामपंचायतीला लिहिलं की सदर खुर्ची खाजगी असून ती माझ्या पत्नीच्या उपयोगासाठी वाढविण्यात आली आहे. ग्रामसेवक म्हणाले, नाना, झाडाची नोंद सातबाऱ्यावर होते, खुर्ची घरात असते, ही आम्ही कुठे धरायची? मला त्या बावळटपणाचा संताप आला, पण भीती निराळीच होती. मी न्यायालयात पाहिलेलं आहे, लोक वर्षानुवर्षं बिनहरकत येत राहिले की त्याची वहिवाट होते, आणि वहिवाटीचा पुढे हक्क होतो. म्हणजे प्रत्येक फूल माझ्याविरुद्धचा पुरावा. ती फुलं पायदळी जाऊ नयेत म्हणून मीच गोळा करून उंबराच्या मुळाशी ठेवायचो, शेवटी दत्त माझेही आहेत हो, आणि माझं हे ठेवणंसुद्धा उद्या पूजा म्हणून मांडतील या धसक्याने जेवण जायचं नाही.

आणि सगळ्यांत मोठी विरुद्ध बाजू घरातच निघाली. बैठक वजन पेलण्याजोगी झाली तेव्हा मी म्हणालो, शालन, बस. ती म्हणाली, आवं खुळं का काय तुमी, देवाच्या जागंवर मी बसू? गुडघं गेल्यात, डोस्कं न्हाई गेलं. एवढी वर्षं जिच्यासाठी पट्ट्या बांधल्या, तीच घुमटाच्या दारात वॉकर धरून उभी राहायची आणि खुर्चीला नमस्कार करायची.

मग एका गुरुवारी सरपंच सिमेंटची पोती घेऊन आले. म्हणाले, नाना, औदुंबराला पार बांधू, वर पत्र्याचा मंडप टाकू, गावाचं नाव हुईल. मुळांवर सिमेंट पडलं असतं तर झाड गुदमरलं असतं आणि खुर्ची कायमची गेली असती. मी बोलायला उभा राहिलो, शालनही वॉकर टेकत येऊन माझ्या मागे, माझ्या आणि खुर्चीच्या मधे उभी राहिली. मालकी, संमती, वहिवाट, मनाई हुकूम, सगळं क्रमाने मांडत गेलो, ऊन चढत गेलं, माणसं पाय बदलत राहिली, सरपंचांनी दोनदा घड्याळ बघितलं, आणि मी मुद्द्याच्या उपमुद्द्यावर आलो असताना मागून वॉकर पडल्याचा आवाज आला. वळून बघतो तर शालनचा गुडघा दगा देऊन गेलेला, तोल गेलेला, आणि ती जी मागे कोसळली ती नेमकी खुर्चीत. दोन्ही हात उंबराच्या हातांवर. खुर्ची तसूभर हलली नाही.

शालनचा चेहरा पांढराफटक, उठायला धडपडते आहे आणि उठता येत नाही. तेव्हा जनाक्का पुढे झाल्या, ज्यांनी पहिलं फूल ठेवलं त्याच, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, बस गं बाई. दत्त लेकरूच हाय की अनसूयेचं, आईला जागा देत न्हाई व्हय? आन ह्यो तुझा मालक गप व्हायची वाट बघत किती येळ हुबी ऱ्हाशील? सगळे हसले. सरपंचही हसले. त्यांनी नारळ फोडला, पहिला तुकडा शालनच्या हातात दिला, आणि सिमेंट परत गाडीत टाकलं. म्हणाले, बघू फुडच्या सभेत.

बघू म्हणजे नाही नव्हे, हे मला कळतं. त्यामुळे माझी पत्रं चालूच आहेत. जनाक्का अजून गुरुवारी फूल आणतात, पण आता ते शालनच्या हातात देतात आणि ती ते अंबाड्यात खोवते. याचा कायद्याने काय अर्थ होतो, मला सांगता येत नाही.

नवी काळजी वेगळीच आहे. झाड थांबत नाही. हात जाड होतायत, बैठक दरवर्षी अरुंद होते आहे, एक दिवस ही खुर्ची मिटून नुसतं खोड होईल. मी तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, मी बी बारीक व्हाय लागलीय की, हुतंय बरुबर. मग मी गप्प बसलो, खाली, तिच्या पायांशी, जमिनीवर, माझे गुडघे अजून शाबूत आहेत.

लिहिलंत? वाचून दाखवा एकदा. आणि जाताना उंबराखालून जा. तुम्हालाही म्हातारपणी टेकायला पक्की जागा मिळो, एवढंच मागतो.